खाशाबा : लौकिक मागे, वकूब पुढे

मैदानी कुस्तीत मल्लाचे नाव मल्लाच्या आधी आखाड्यात पोचते. प्रवराकाठच्या कोल्हारपासून कृष्णाकाठच्या कऱ्हाडपर्यंत यात्रेनिमित्त कुस्त्यांचे हगामे भरतात. हलगी कडाडते, निवेदक मल्लाचे घराणे आणि त्याने मारलेली मैदाने सांगतो, इनामाचा आकडा पुकारला जातो आणि सलामी झडण्यापूर्वीच अर्धी कुस्ती नावावर निकालात निघते. अशा ठिकाणी धिप्पाड गड्याचा बोलबाला होणार, हे ओघानेच आले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव या मापात कधीच बसले नाहीत. हेलसिंकीत ते ५७ किलो वजनगटात खेळले. त्यांच्या बाबतीत लौकिक आणि वकूब यांचा हिशेब मांडायचा, तर तो नेहमीपेक्षा उलट्या बाजूने मांडावा लागतो.

१५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे आखाड्याची माती घरचीच होती. आठव्या वर्षी त्यांनी पंचक्रोशीतील नामांकित मल्लाला दोन मिनिटांत लोळविले, अशी कथा सांगितली जाते. मोठ्या मल्लांच्या बालपणाभोवती अशा कथा जमतातच, तेव्हा तिच्यावर फार भर देण्याचे कारण नाही. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेल्यानंतरची कामगिरी मात्र नोंदलेली आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च उचलला. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. मातीत पाय रुततो, मॅटवर तो निसटतो. मातीत पाठ टेकेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर गुण मोजले जातात. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना तेथे लाभले. फ्लायवेट गटात ते सहावे आले. पदक नसल्याने या क्रमांकाची फारशी वाच्यता झाली नाही. जाणकाराने पाहिले असते, तर चार वर्षांनंतरच्या यशाची चाहूल तेथेच लागली असती.

हेलसिंकीची वाट प्रतिस्पर्ध्यांपेक्षा निवडीनेच अधिक अडविली. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी आपल्याला एक गुण कमी देऊन डावलले, अशी खाशाबांची तक्रार होती. प्रतिस्पर्धी निरंजन दास यांचे नाव मोठे होते. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावून घेतली. त्या कुस्तीत त्यांनी निरंजन दास यांना चीतपट केले. नावाचा दबदबा आणि अंगची ताकद यांचा निवाडा इतका स्वच्छपणे होण्याचा प्रसंग क्रीडाक्षेत्रात क्वचितच येतो.

निवड झाली, पण तिकिटाचे पैसे नव्हते. मुंबई सरकारकडे ४ हजार रुपयांची मदत मागितली, ती मिळाली नाही. मग गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्याच्या मनगटावर लावलेली ही पैज, आणि तीही कसलीही प्रसिद्धी पाठीशी नसताना!

हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कॅनडाचे पोलिक्विन, मेक्सिकोचे बासुर्टो आणि जर्मनीचे श्मित्झ यांना हरविले. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव यांच्याकडून ते पराभूत झाले. इशींना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. इशींशी झुंजून थकलेल्या खाशाबांना विश्रांती न देता लगेच पुढच्या लढतीसाठी उतरविले आणि आक्षेप घ्यायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. या हकिगतीवरून त्यांचे सुवर्ण हिरावले गेले, असा निष्कर्ष पुढे अनेकांनी काढला. तो अतिशयोक्तीचा आहे. विश्रांती मिळती, तर रौप्यासाठीची झुंज अटीतटीची झाली असती, एवढे म्हणता येते. इशी त्या गटातील सरस मल्ल होते आणि खाशाबांना मोठे ठरविण्यासाठी त्यांना लहान करण्याची गरज नाही.

२३ जुलै १९५२ रोजी हे पदक मिळाले. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले आणि देशाचे लक्ष तिकडे वळले. कऱ्हाड परिसराने मात्र १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, ती मारली आणि त्या पैशांतून खर्डीकरांचे कर्ज फेडले. नावाचा मिळालेला बोलबाला त्यांनी वापरला, तो एवढ्यासाठीच.

त्याच सुमारास मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाईल कुस्त्यांना तुडुंब गर्दी होऊ लागली होती. त्या लढतींत कसब किती आणि नाट्य किती, हा वाद आजही मिटलेला नाही. त्याच शहरात ऑलिंपिक पदकविजेता पोलिस खात्यात नोकरी करीत होता. १९५५ मध्ये खाशाबा उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न हुकले. बढत्या रेंगाळल्या. सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले.

लौकिक आला तो त्यानंतर. अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा निधनाला पंधरा वर्षे उलटून गेली होती. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतील कुस्तीच्या प्रेक्षागृहाला त्यांचे नाव दिले गेले. १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला. या दरम्यान भारताचे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक लिएंडर पेसने १९९६ मध्ये अटलांटात मिळविले, ४४ वर्षांनी. कुस्तीतील पुढचे पदक तर त्याहून उशिरा, २००८ मध्ये बीजिंगला सुशीलकुमारच्या रूपाने आले. तेही कांस्यच होते.