पाणी की हवा? सोइचिरो होंडा यांची गोष्ट



चौथीला परिसर अभ्यास शिकवताना बोलता बोलता मी सांगून टाकलं, की इंजिन तापतं, म्हणून प्रत्येक गाडीत ते थंड करायला पाणी फिरवावं लागतं. मागच्या ओळीतल्या एका मुलानं हात वर केला. त्याचे वडील गॅरेज चालवतात. मोटारसायकलमध्ये कुठं असतं पाणी, असं त्यानं विचारलं. तास संपत आला होता आणि खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. मधेमधे बोलू नको म्हणून मी त्याला खाली बसवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर दारातल्या मोटारसायकलपाशी वाकून बघितलं. इंजिनाभोवती नुसत्या पातळ पातळ पट्ट्या. रेडिएटर नाही की पाणी नाही. गाडी पळते, वारा त्या पट्ट्यांना लागतो आणि इंजिन थंड राहतं. पोरगं बरोबर होतं, मी चुकले होते. वर टाकीवर नाव होतं होंडा. हे नाव ज्या माणसाचं, त्याच्याबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं, की याच पाणी की हवा या प्रश्नावर तो माणूसही अडून बसला होता. म्हणून आजचा पाठ सोइचिरो होंडा यांच्यावर.

बालपण

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील गिहेई हे लोहार होते, पुढे सायकली दुरुस्त करू लागले. आई विणकाम करायची. भाता, हातोडा आणि तापलेलं लोखंड हेच या मुलाचं अंगण. एकदा गावात मोटारगाडी आली. सोइचिरो तिच्यामागे पळत सुटला. गाडी थांबली तिथं जमिनीवर तेलाचे थेंब पडले होते, तर तो वाकून त्या तेलाचा वासच घेत बसला. तो वास त्यांना शेवटपर्यंत आठवत होता.

१९१७ साली हामामात्सुला विमानाच्या कसरती होत्या. घरी न सांगता वडिलांची सायकल घेऊन हा दहा वर्षांचा मुलगा तिथं पोचला. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून झाडावर चढून त्यानं विमान बघितलं.

शाळेत मात्र त्याचं लक्ष नसायचं. त्यांची एक गोष्ट मुलांना फार आवडते. आपल्याकडे प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागते, तसा तिथं घरच्या आडनावाचा शिक्का लागायचा. सोइचिरोनं सायकलच्या पायडलचं रबर कोरून खोटा शिक्का तयार केला. मग मित्रांनाही करून द्यायला लागला आणि तिथंच पकडला गेला. जपानी लिपीत होंडा हे आडनाव उभं लिहिलं, की डावी-उजवी बाजू सारखीच असते, त्यामुळे आरशातही ते तसंच दिसतं. शिक्का उलटा कोरावा लागतो हे त्याला स्वतःच्या नावामुळे कळलंच नव्हतं. मित्रांची आडनावं कागदावर उलटी उमटली! सममिती शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा. खोटा शिक्का करणं चूकच, हेही सांगा.

गॅरेज आणि शर्यतीचं वेड

१९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सोइचिरो टोकियोतल्या आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. सुरुवातीचे महिने त्याच्या हातात पाना आलाच नाही. झाडलोट करायची आणि मालकाचं मूल सांभाळायचं, हेच काम. पण मालक युझो साकाकिबारा हे खरे गुरू निघाले. त्यांना शर्यतीच्या गाड्या बांधायचा नाद होता. त्यांनी जुन्या विमानाचं कर्टिस इंजिन मोटारीच्या सांगाड्यावर बसवलं. नोव्हेंबर १९२४ मध्ये त्या गाडीनं शर्यत जिंकली. गाडी मालकाचे भाऊ चालवत होते आणि शेजारी मेकॅनिक म्हणून अठरा वर्षांचा सोइचिरो बसला होता.

१९२८ साली साकाकिबारांनी त्यांना हामामात्सुला शाखा काढून दिली. दिवसभर दुरुस्ती आणि रात्री शर्यतीची गाडी, असं सुरू झालं. जून १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा शर्यतपट्टीवर भरधाव असताना त्यांची गाडी दुसऱ्या गाडीला धडकून उलटली. ते बाहेर फेकले गेले. शेजारी बसलेला धाकटा भाऊ बेंजिरो गंभीर जखमी झाला. स्वतः शर्यत चालवणं त्यानंतर मागे पडलं, वेड मात्र सुटलं नाही.

तिशीनंतर पुन्हा शाळेत

नंतर त्यांनी पिस्टन रिंग तयार करायला घेतल्या. इंजिनात खालीवर होणाऱ्या पिस्टनभोवती ही कडी असते. हाताला सवय होती, पण रिंग काही जमेना. एका प्राध्यापकांना विचारलं तेव्हा कळलं, की धातूत सिलिकॉन कमी पडतं आहे. आपला पायाच कच्चा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. तिशी ओलांडलेले, स्वतःचा धंदा असलेले होंडा हामामात्सुच्या तंत्रशाळेत पोरांच्या शेजारी जाऊन बसले. परीक्षा मात्र त्यांनी दिल्या नाहीत. पदविका नको, ज्ञान हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेनं अर्थातच त्यांना काढून टाकलं. पुढे टोयोटाकडे तपासणीला दिलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या, तरी ते मागे हटले नाहीत.

युद्धात आणि भूकंपात कारखान्याचं मोठं नुकसान झालं, तेव्हा तो त्यांनी टोयोटाला विकला. १९४६ साली सैन्याच्या वायरलेस संचांची छोटी इंजिनं सायकलला जोडून विकायला सुरुवात केली. २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा येऊन मिळाले. पैसा आणि विक्री फुजिसावांकडे, यंत्र होंडांकडे.

शर्यत म्हणजे परीक्षा

शर्यतीबद्दल होंडा यांचं मत पक्कं होतं. त्यांच्या लेखी शर्यत ही करमणूक नव्हती, जाहिरात तर नव्हतीच. कारखान्यात जो दोष दिसायला वर्ष लागतं, तो शर्यतीत एका दुपारी दिसतो. म्हणून १९५४ साली, कंपनी पैशाच्या अडचणीत असताना, त्यांनी इंग्लंडजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या मोटारसायकल शर्यतीत उतरायचं जाहीर केलं. मग स्वतः जाऊन बघितलं तर तिथल्या गाड्यांची ताकद आपल्या इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट! ते हबकले, पण परत येऊन कामाला लागले. १९५९ साली होंडाच्या गाड्या पहिल्यांदा तिथं धावल्या आणि सहाव्या, सातव्या, आठव्या आल्या. १९६१ साली १२५ आणि २५० सीसी, दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते.

१९६३ साली कंपनीनं पहिली चारचाकी वाहनं बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी ती फॉर्म्युला वन शर्यतीत उतरली. लोकांना हे धाडस वेडेपणाचं वाटलं. पण ऑक्टोबर १९६५ मध्ये मेक्सिकोत रिची गिंथर यांनी होंडाला पहिला विजय मिळवून दिला.

हट्ट

इथपर्यंतची गोष्ट आपण नेहमी सांगतो तशीच आहे. जिद्द धरली, यश आलं. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

नव्या मोटारींच्या रचनेबद्दल होंडा यांचं एक ठाम मत होतं. इंजिन हवेनंच थंड करायचं. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. पाण्यानं इंजिन थंड करा, पण ते पाणी शेवटी रेडिएटरमध्ये हवेनंच थंड होतं ना? मग मधे पाणी हवंच कशाला? मोटारसायकलला हे लागू पडलं होतं. मोठ्या, जास्त ताकदीच्या इंजिनाला मात्र नुसता वारा पुरत नाही.

त्यांच्या आग्रहातून हवेनं थंड होणारी आरए ३०२ ही शर्यतीची गाडी तयार झाली. कंपनीचे मुख्य चालक जॉन सर्टीज यांनी ती चालवून पाहिली आणि गाडी अजून शर्यतीच्या लायकीची नाही, म्हणून ती चालवायला नकार दिला. तरीही जुलै १९६८ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथं ती उतरवली गेली. पावसानं ओल्या झालेल्या रस्त्यावर तिसऱ्याच फेरीत गाडी बांधावर आदळली आणि पेटली. चालक जो श्लेसर जागीच गेले. त्याच शर्यतीत सर्टीज होंडाचीच पाण्यानं थंड होणारी गाडी घेऊन दुसरे आले. अपघाताला इंजिन थंड करण्याची पद्धतच कारण होती, असं म्हणता येणार नाही. पण तयार नसलेली गाडी धावली आणि माणूस गेला, हे खरं आहे. त्या वर्षाअखेर कंपनी फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली.

होंडा तरीही बदलले नाहीत. १९६९ साली हवेनंच थंड होणारी एच १३०० ही मोटार बाजारात आली. इंजिन ताकदवान, पण जड आणि किचकट. गाडी फारशी चालली नाही. तादाशी कुमे यांच्यासारखे तरुण अभियंते पाण्याच्या बाजूचे होते. धूर कमी करायचा तर इंजिनाचं तापमान नेमकं राखावं लागतं आणि ते पाण्यानंच जमतं, असं त्यांचं म्हणणं. पण होंडांपुढे बोलणार कोण? ते प्रेमळ होते, तितकेच तापट. चिडले, की हातातलं अवजार फेकायचे, हातही उचलायचे.

शेवटी मुलं फुजिसावांकडे गेली. फुजिसावांनी होंडा यांना एकच विचारलं, की तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचं आहे की अभियंता म्हणून? होंडा यांनी अध्यक्ष म्हणून राहायचं निवडलं आणि पाण्याच्या इंजिनाला परवानगी दिली. मनातून पटलं होतं की नाही कोण जाणे, पण ते वाटेतून बाजूला झाले.

मुलांनी शिकवलेला धडा

१९७० साली अमेरिकेनं मोटारींचा विषारी धूर ९० टक्क्यांनी कमी करायचा कायदा केला. मोठमोठ्या कंपन्या हे अशक्य आहे म्हणत होत्या. होंडाच्या तरुणांनी १९७२ साली सीव्हीसीसी इंजिन दाखवलं. आपण चूल पेटवतो तसंच ते आहे. आधी बारीक काटक्या पेटवायच्या, मग मोठी लाकडं. मुख्य कप्प्याला एक छोटा कप्पा जोडलेला. त्यात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण आधी पेटतं आणि त्या ज्योतीनं मुख्य कप्प्यातलं पेट्रोल कमी, हवा जास्त असलेलं मिश्रण नीट जळतं. अमेरिकेच्या चाचणीत हे इंजिन पास झालं. ते पाण्यानं थंड होणारं होतं.

या कामाच्या काळात होंडा यांनी ही मोठ्या कंपन्यांना गाठायची संधी आहे असं म्हटलं, तेव्हा तरुण अभियंत्यांना ते आवडलं नाही. आम्ही हे कंपनीसाठी नाही, पुढच्या पिढीच्या स्वच्छ हवेसाठी करतोय, असं त्यांनी सांगितलं. आपण मागे पडलो हे होंडांना उमगलं. १९७३ साली, ६६ व्या वर्षी, ते आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर देशभर फिरून त्यांनी कामगारांचे आणि विक्रेत्यांचे आभार मानले. विरोध करणारे कुमे १९८३ साली त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी होंडा यांचं निधन झालं. आपल्यामुळे रस्त्यावर गाड्यांची कोंडी नको, म्हणून कंपनीनं मोठा अंत्यविधी करू नये अशी त्यांची इच्छा होती.

वर्गात घेताना

डी.एड.ला पाठ टाचण काढताना विद्यार्थीकृतीच्या रकान्यात आम्ही अपेक्षित उत्तरंच लिहायचो. अनपेक्षित प्रश्नाला रकानाच नव्हता. होंडा यांच्याकडे तर जगजिंकल्या शर्यती होत्या, तरी त्यांना मुलांचं ऐकावं लागलं. त्याला उशीर झाला, ही त्यांच्या गोष्टीतली दुखरी बाजू.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, की काल मी चुकीचं सांगितलं आणि तुमचा मित्र बरोबर होता. त्याला पुढं बोलावलं. परवा त्यानं गॅरेजमधून मोटारसायकलचा एक जुना ब्लॉक आणला आणि त्या पट्ट्या सगळ्यांना हात लावून बघू दिल्या. मी मागच्या बाकावर बसले होते.

मुलांना विचारण्यासाठी तीन प्रश्न:
१. तुमच्या घरची गाडी हवेनं थंड होते की पाण्यानं? मोठ्यांच्या मदतीनं, गाडी बंद आणि गार असताना बघा.
२. तुमचं आडनाव आरशात कसं दिसतं? लिहून पाहा.
३. मोठ्या माणसाचं काही चुकतंय असं वाटलं, तर ते कसं सांगाल?

तिसरा प्रश्न पालकांनी घरीही विचारून बघावा.