केशवसुत : कविता आणि उपजीविका

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• केशवसुतांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• एकोणिसाव्या शतकात कवीच्या उपजीविकेची साधने कशी बदलली, हे स्पष्ट करता येईल;
• नवे माध्यम आणि कलावंताचे अर्थार्जन यांच्या संबंधाचा विचार करता येईल.

1. प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, आज रत्नागिरीतील एखाद्या कवीने रात्री लिहिलेली कविता इंटरनेटमुळे सकाळपर्यंत दूरदूरच्या वाचकांच्या हाती पडू शकते. घरखर्चासाठी मात्र त्याला बहुधा दुसरी नोकरी करावी लागते. वाचक मिळणे आणि उपजीविका मिळणे या भिन्न गोष्टी आहेत, हा अनुभव आजचाच नाही. मराठीत नियतकालिके हे नवे माध्यम होते, तेव्हा याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका कवीला तो आला होता. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचे चरित्र आपण या दृष्टीने पाहू.

2. जन्म आणि शिक्षण
केशवसुतांचा जन्म 1866 मध्ये गणपतीपुळ्याजवळील मालगुंड या गावी झाला. वडील केशवपंत शिक्षक होते. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची होती. त्यामुळे शिक्षणासाठी कृष्णाजींना आप्तांच्या आधाराने बडोदे, वर्धा, नागपूर असे फिरावे लागले. नागपूरला त्यांचा कवी नारायण वामन टिळक यांच्याशी परिचय झाला. पुढे ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत त्यांची विशी उलटून गेली होती. विवाह लहान वयातच झाला होता. म्हणजे कवी म्हणून वाटचाल सुरू होत असतानाच संसाराचा भार त्यांच्यावर होता.

3. आश्रयदात्याकडून वाचकाकडे
त्या काळी कवीला कवितेवर जगता येणे शक्य होते का? पेशवाईत शाहिरांना दरबारचा व सरदारांचा आश्रय मिळत असे. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि हा आधार आटला. इंग्रजी अमदानीत दक्षिणा प्राइझ कमिटीसारख्या संस्थेकडून ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. परंतु असे साहाय्य निवडक ग्रंथांपुरते होते. त्यातून कवीला नियमित उत्पन्न मिळण्यासारखे नव्हते. नाटकाला तिकीटविक्रीचा मार्ग सापडला. प्रेक्षक पैसे मोजून आत येत असल्यामुळे नाटक मंडळ्यांना व्यवसाय म्हणून उभे राहता आले. सुट्या कवितेला असे दार नव्हते.

कवितेला आधार मिळाला तो नियतकालिकांचा. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 मध्ये केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक सुरू केले. हरि नारायण आपटे यांचे 'करमणूक' 1890 मध्ये, तर काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' 1895 मध्ये निघाले. अशा नियतकालिकांतून केशवसुतांची कविता वाचकांपुढे आली. त्यामुळे कोणा धनिकाची स्तुती न करता लिहिण्याचे स्वातंत्र्य कवीला लाभले. मात्र वर्गणीवर चालणारी नियतकालिके कवीच्या संसाराला आधार देऊ शकत नव्हती.

4. नोकरीची वणवण
मॅट्रिकनंतर केशवसुत मुंबईस आले. तेथे त्यांनी शिक्षकाच्या आणि कारकुनीच्या नोकऱ्या केल्या. त्यांपैकी बऱ्याच तात्पुरत्या होत्या. या अस्थिर काळातच, 1892 मध्ये, त्यांनी मराठीत सुनीत हा काव्यप्रकार आणला. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' या कविता 1893 मधील आहेत. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर ते खानदेशात गेले आणि भडगाव, फैजपूर येथे शिक्षक म्हणून राहिले.

फैजपूरच्या वास्तव्यात, 1901 मध्ये, त्यांनी 'आम्ही कोण?' हे सुनीत लिहिले. कवीच्या श्रेष्ठत्वाची निःशंक ग्वाही देणारी ही रचना एका अल्पवेतनी शाळामास्तराने लिहिली, हे लक्षात ठेवले पाहिजे. उत्पन्नावरून कवीचे मोल ठरवण्यास तिने जणू नकार दिला. दुसरीकडे 'मजुरावर उपासमारीची पाळी' या कवितेतून पोटासाठी श्रमणाऱ्या माणसाविषयीची त्यांची कणव प्रकट होते. या दोन कविता एकत्र वाचल्यास आत्मसन्मान आणि भाकरी हे दोन्ही प्रश्न त्यांच्या मनात जागे होते, असे दिसते.

5. अखेर आणि कीर्ती
1904 मध्ये केशवसुत धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक झाले. आता काही स्थैर्य येईल असे वाटत असतानाच, 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले. पाठोपाठ त्यांच्या पत्नीचाही मृत्यू झाला आणि मुली पोरक्या झाल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्या हयातीत एकही कवितासंग्रह निघाला नाही. त्यांचे छायाचित्रही उपलब्ध नाही. मृत्यूनंतर सुमारे एका तपाने हरि नारायण आपटे यांनी त्यांच्या कविता ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. विखुरलेली सुमारे 135 कवितांची ही संपदा एकत्र झाली, म्हणून पुढील पिढ्यांना तिचे संपूर्ण रूप दिसले. आज मालगुंड येथे त्यांचे स्मारक उभे आहे. कीर्ती आली, पण तिचा लाभ कवीला वा त्याच्या संसाराला झाला नाही.

6. सारांश
नियतकालिकांनी केशवसुतांना वाचक आणि स्वातंत्र्य दिले; उपजीविका दिली ती शाळेने. त्यांच्या दारिद्र्याचा गौरव करून हा प्रश्न सुटत नाही. हालअपेष्टांमुळे कविता थोर झाली असे मानण्यापेक्षा, स्थैर्य लाभते तर आणखी किती लिहून झाले असते, असा विचार करणे अधिक न्याय्य ठरेल. आजच्या कलावंतासाठीही यात बोध आहे. नव्या माध्यमाने रसिकांपर्यंतची वाट सोपी केली, तरी श्रमाचे मोल कोण देणार, हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. तसेच आपले विखुरलेले काम एकत्र जपून ठेवण्याची व्यवस्था हयातीतच करावी लागते.

स्वाध्याय
1. पेशवाईतील शाहीर आणि केशवसुत यांच्या उपजीविकेच्या साधनांतील फरक स्पष्ट करा.
2. नाटक आणि कविता यांच्या आर्थिक स्थितीत भिन्नता का निर्माण झाली?
3. आपल्या परिसरातील एखाद्या कलावंताशी बोलून त्याच्या कलेचा व उपजीविकेचा संबंध 15 ओळींत लिहा.