संत व्हिन्सेंट दि पॉल व सेवेची पाळी

परोपकाराची इच्छा पुष्कळांच्या मनांत उत्पन्न होते. परंतु ती टिकवून धरणें कठीण. तें ज्यांनीं साधलें, त्या संत व्हिन्सेंट दि पॉल यांचें चरित्र आपल्या प्रत्येक मंडळानें मनन करण्यासारखें आहे.

त्यांचा जन्म १५८१ सालीं फ्रान्समधील पुई नामक खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. १६०० सालीं ते धर्मगुरु झाले व १६१७ सालीं शातियों गांवीं त्यांची नेमणूक झाली. तेथें एका रविवारीं, गांवाबाहेरील एक सबंध कुटुंब आजारानें अंथरुणास खिळलें आहे, अशी वार्ता त्यांना मिस्सेपूर्वीं कळली. त्यांनीं ती प्रवचनांत सांगितली. दुपारीं स्वतः जाऊन पाहतात तों वाटेवर बायकांची रीघ लागलेली! परंतु त्या दिवशीं आलेलें अन्न वायां जाणार आणि मागाहून तें कुटुंब पुन्हां उपाशी राहणार, हें त्यांनीं ओळखलें. उणीव दयेची नव्हती, व्यवस्थेची होती.

मग त्यांनीं त्या बायकांचें मंडळ स्थापून नियम घालून दिले. प्रत्येकीनें आपल्या पाळीच्या दिवशीं अन्न शिजवावें, स्वतः नेऊन रोग्यांस प्रेमानें भरवावें. ज्याच्यापाशीं कोणी नाहीं त्याच्याकडे शेवटीं जावें, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसतां येईल.

पुढें पॅरिस शहरांत निराळीच अडचण आली. थोर घराण्यांतील स्त्रिया आपल्याऐवजीं मोलकरणींस पाठवूं लागल्या. व्हिन्सेंट यांनीं त्यांना दूर लोटलें नाहीं. द्रव्य जमविण्याचें काम त्यांच्याकडे ठेविलें. प्रत्यक्ष शुश्रूषेस सुरेन गांवची गुराखीण मार्गरित नासो पुढें आली. गुरें राखतां राखतां ती वाचावयास शिकली होती. प्लेगच्या रोगिणीस आपल्या बिछान्यावर घेऊन १६३३ सालीं तिनें देह ठेविला. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं लुईझ द मारियाक यांच्या घरीं अशा मुलींचा धर्मभगिनीसंघ सुरू झाला. ह्या भगिनी आपलें व्रत आजही दरवर्षीं नव्यानें व स्वखुषीनें घेतात.

२७ सप्टेंबर १६६० रोजीं व्हिन्सेंट परमेश्वराघरीं गेले. १७३७ सालीं त्यांना संतपद मिळालें, व १८८५ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांना परोपकारी मंडळांचे आश्रयदाते नेमिलें.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, महोत्सवासाठीं आज पुष्कळ हात पुढें आले आहेत. मंडप उतरल्यावर त्यांतील किती उरतील? ज्याला जें झेपेल तें काम द्यावें, पाळी ठरवावी, व ती दरवर्षीं पुन्हां आनंदानें पत्करावी. त्यासाठीं ह्या संताची विनवणी आपणांस लाभो.