पाणी पिणारा मुद्रक

लंडनमधील वॉट्स यांच्या छापखान्यात १७२५ च्या सुमारास पन्नासेक कामगार होते आणि बहुतेक सारे बिअरचे भोक्ते. न्याहारीपूर्वी एक पिंट, न्याहारीबरोबर एक, दुपारच्या जेवणाआधी, जेवताना, सायंकाळी सहाला आणि काम संपल्यावर, असा एकेकाचा रतीब सहा पिंटांचा. अंगमेहनतीला बळ हवे आणि ते बिअरनेच येते, ही त्यांची ठाम समजूत. अशा मंडळीत बॉस्टनला १७०६ साली जन्मलेला बेंजामिन फ्रँकलिन कामास लागला. तो केवळ पाणी पिई. इतर कामगार खिळ्यांचा एक जड फर्मा दोन्ही हातांनी उचलून जिना चढत. हा प्रसंगी दोन हातांत दोन फर्मे नेई. बिअरमध्ये उतरलेल्या धान्यापेक्षा एका पेनीच्या पावात पीठ अधिक असते, हे त्याने यंत्रावरील सोबत्याला समजावले. सोबती ऐकून घेई व पीत राही. दर शनिवारी त्याच्या मजुरीतून चार-पाच शिलिंग वजा होत.

खरा पेच पुढेच आला. जुळाऱ्यांच्या खोलीत बदली होताच तेथील मंडळींनी दारूसाठी पाच शिलिंग प्रवेशवर्गणी मागितली. खाली यंत्रापाशी एकदा भरली असल्याने बेंजामिनने नकार दिला. मालकाचेही तेच मत होते. मग तो दोन-तीन आठवडे वाळीत पडला. जरा बाहेर जावे, तर मागे खिळे मिसळलेले, पाने उलटसुलट. दोष मात्र ‘चॅपेल’च्या भुताचा! (छापखान्यातील कामगारांच्या मंडळाला हेच नाव होते, ही मौजच.) शेवटी त्याने पैसे भरले. याला माघार म्हणवत नाही. प्याला त्याने हाती धरला नाहीच, उलट आता त्याचा शब्द ऐकला जाऊ लागला. एका पिंटाच्या किमतीत लोणी, मिरपूड व पावाचा चुरा घातलेली गरम पेज शेजारच्या घरून येऊ लागली आणि कित्येकांनी सकाळची बिअर सोडली. जे पीतच राहिले त्यांची गुत्त्यावरील उधारी बंद झाली की त्यांना जामीन बेंजामिनच राही.

पुढे संशोधक व मुत्सद्दी म्हणून कीर्ती पावलेले आणि १७९० साली निवर्तलेले फ्रँकलिन मद्याचे कट्टर वैरी मात्र नव्हते. १७५६ साली पेनसिल्व्हेनियाच्या सरहद्दीवर ते किल्ला बांधवून घेत होते. शिपायांना पगाराखेरीज रोज रम मिळे. प्रार्थनेला कोणी येत नाही, अशी पाळक बेटी यांची तक्रार होती. रम तुम्हीच वाटा, पण प्रार्थनेनंतर, असे फ्रँकलिन यांनी सुचवले. बेटींनी ते मानले, मोजून देण्यास दोन-चार माणसे घेतली, आणि शिपाई प्रार्थनेला वेळेवर हजर राहू लागले.