धुळीतले विष शोधणारी डॉक्टर

भारतातील पेट्रोल पंपांवर सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. पेट्रोलमध्ये शिसे मिसळू नये, असे त्याच्या पाऊण शतक आधी, मे १९२५ मध्ये, वॉशिंग्टन येथील एका परिषदेत ५६ वर्षांच्या एका महिला डॉक्टरने बजावले होते. डॉ. ॲलिस हॅमिल्टन हे त्यांचे नाव. शिशाच्या विषाविषयी त्यांच्याइतका अधिकार असलेली व्यक्ती तेव्हा अमेरिकेत क्वचितच असेल. तरीही परिषदेनंतर जो निर्णय झाला, तो त्यांच्या म्हणण्याच्या विरुद्ध होता.

२७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या ॲलिस वाढल्या इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी. घराणे सुखवस्तू, पण वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार बुडाला आणि मुलींनी स्वतःच्या पायावर उभे राहणे भाग पडले. थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीवरील ग्रंथांमुळे नावारूपाला आली. ॲलिस यांनी वैद्यकशास्त्र निवडले. १८९३ साली मिशिगन विद्यापीठाची पदवी घेऊन त्या पुढील अभ्यासासाठी जर्मनीला गेल्या. तेथील विद्यापीठांत स्त्रियांना व्याख्यानाला बसू देणे ही मेहरबानीच समजली जाई.

१८९७ साली अध्यापनाच्या निमित्ताने त्या शिकागोला आल्या आणि जेन ॲडम्स यांच्या ‘हल हाऊस’ या सेवाकेंद्रात राहू लागल्या. भोवती सगळी स्थलांतरित मजुरांची वस्ती. पोटात असह्य कळा येणारे, मनगटातून हात लुळे पडलेले ऐन पंचविशी-तिशीतले पुरुष त्यांच्या पाहण्यात आले. हे कामगार कोठे काम करतात, असा प्रश्न तेव्हाचे डॉक्टर सहसा विचारत नसत. हॅमिल्टन तो विचारू लागल्या.

पुराव्याच्या बाबतीत त्या स्वतःशीही कठोर होत्या. १९०२ साली शिकागोत विषमज्वराची साथ आली, तेव्हा ती माश्यांमुळे पसरली, असा निष्कर्ष त्यांनी मांडला आणि त्यांचे नाव झाले. पुढे पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळल्याचे प्रकरण दडपले गेले होते, असे उघड झाले. आपला निष्कर्ष चुकला होता, हे आत्मचरित्रात नमूद करण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

१९१० साली इलिनॉय राज्याने कारखान्यांतील विषबाधांची पाहणी करायचे ठरवले आणि तिची सूत्रे हॅमिल्टन यांच्याकडे आली. शिशाचा वापर कोठे होतो, याची यादीसुद्धा तेव्हा कोणाकडे नव्हती. रंगाचा सफेदा म्हणजे शिसे, आपण मारुतीला लावतो तो शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड, छपाईचे खिळे शिशाचे, बॅटरीच्या पट्ट्या शिशाच्या, मातीच्या भांड्यांवरची झिलई शिशाची. कामगारांना शिशाची बाधा होऊ शकेल अशा सत्तरहून अधिक प्रक्रिया एका राज्यात आढळल्या. कारखान्यांत नुसती चौकशी करून भागत नसे. हॅमिल्टन रुग्णालयांची दप्तरे चाळत, औषधविक्रेत्यांना आणि धर्मगुरूंना गाठत, कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांशी बोलत. न्हाणीघरातील टबांवरचे पांढरेशुभ्र एनॅमल असेच हाती लागले. कारखान्यात शिशाचा मागमूस दिसला नव्हता. एनॅमलचे खरे काम दुसऱ्याच जागी चालते, हे नंतर कळले. कामगारांकडून मिळालेला नमुना तपासल्यावर त्यात शिसे निघाले.

जेवणाआधी हात न धुणाऱ्या गलिच्छ कामगारांनाच ही बाधा होते, असे मालक सांगत आणि डॉक्टरही त्यावर विश्वास ठेवत. हॅमिल्टन यांनी हे म्हणणे खोडून काढले. विष मुख्यतः श्वासावाटे, धुळीतून आणि वाफेतून शरीरात जाते, म्हणून साबणाचा उपदेश पुरेसा नाही, धूळ उठणार नाही अशी व्यवस्था हवी, हा त्यांचा मुद्दा होता. आज तो अगदी साधा वाटतो. त्या काळी मात्र त्यामुळे जबाबदारी कामगाराच्या हातांवरून मालकाच्या यंत्रांवर गेली. १९११ साली इलिनॉयमध्ये व्यवसायजन्य रोगांविषयी कायदा झाला. धोक्याच्या कामावरील मजुरांची दरमहा वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली.

त्याच सुमारास केंद्र सरकारने त्यांना देशभरच्या पाहणीसाठी नेमले. पगार नाही, कारखान्यात शिरण्याचा अधिकार नाही. अहवाल तयार झाला की सरकार तो विकत घेणार, अशी ती नेमणूक. मालकाला जाहीरपणे झोडपण्यापेक्षा समोर बसून पटवून देणे त्यांना पसंत होते. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश यांचा आपल्या कामगारांना बाधा होते यावर विश्वास नव्हता. हॅमिल्टन यांनी बावीस जणांच्या आजारांचा लेखी पुरावा पुढे ठेवला. कॉर्निश यांनी धूळ रोखण्याची यंत्रणा बसवली, डॉक्टर नेमले.

१९१९ साली हार्वर्डने त्यांना अध्यापकपद दिले. विद्यापीठाच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला अध्यापक. पण हार्वर्ड क्लबमध्ये पाऊल ठेवायचे नाही, फुटबॉल सामन्याची तिकिटे मागायची नाहीत आणि पदवीदान मिरवणुकीत सामील व्हायचे नाही, अशा अटी होत्या. १९३५ साली निवृत्त होईपर्यंत त्या सहायक प्राध्यापकच राहिल्या.

दरम्यान, डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये मिसळल्यास इंजिनाची ठोक थांबते, असा शोध लागला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्टावस्थेत दगावले आणि तिसाहून अधिक आजारी पडले. गदारोळ झाला, विक्री थांबली आणि २० मे १९२५ रोजी सर्जन जनरलनी वॉशिंग्टनला परिषद भरवली.

वाद खरा पुराव्याच्या ओझ्याचा होता. उद्योगाच्या बाजूने डॉ. रॉबर्ट किहो यांची भूमिका अशी, की कारखान्यातील धोका काळजी घेऊन टाळता येतो आणि सर्वसामान्य जनतेला अपाय होतो हे कोणी सिद्ध केले, तर उत्पादन थांबवता येईल. हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांना हे उलटे वाटत होते. कारखान्याला भिंती असतात, तेथे पंखे बसवता येतात, कामगार तपासता येतात. रस्त्यावर धुरातून पडणाऱ्या शिशाला कोण अडवणार? शिवाय हे विष शरीरात हळूहळू साठते. म्हणून दुसरे एखादे रसायन शोधा, असा हॅमिल्टन यांचा आग्रह होता.

परिषद एका दिवसात आटोपली. नेमलेल्या समितीने अवघ्या सात महिन्यांत, २५२ जणांची तपासणी करून, जानेवारी १९२६ मध्ये बंदीला सबळ कारण नसल्याचा निर्वाळा दिला. साठून होणाऱ्या विषबाधेला सात महिने म्हणजे काहीच नव्हेत. वापर वाढल्यास धोका संभवतो, अभ्यास चालू ठेवावा, असे समितीनेही सुचवले होते. पण पुढील चार दशके तो अभ्यास प्रामुख्याने उद्योगाच्याच पैशावर आणि किहो यांच्याच प्रयोगशाळेत झाला. त्याच वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली.

हॅमिल्टन यांनी १९२५ साली अमेरिकेतील औद्योगिक विषांवर प्रमाणग्रंथ लिहिला, १९४३ साली आत्मचरित्र. माणसाच्या शरीरात आढळणारे एवढे शिसे नैसर्गिक नव्हे, हे भूरसायनतज्ज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ साली मांडले, तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. २२ सप्टेंबर १९७० रोजी कनेटिकटमधील हॅडलाइम येथे, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला.

पेट्रोलमधील शिसे घटवण्याचा आदेश अमेरिकेने १९७३ साली काढला. १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी पूर्ण बंदी आली. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते बंद केले. घरगुती रंगांतील शिशावर अमेरिकेत १९७८ साली निर्बंध आले. भारतात दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि तिची अंमलबजावणी नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाली.