समुद्र निळा का दिसतो? : सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे चरित्र

पदार्थविज्ञान म्हटले की शाळकरी मुलांच्या कपाळावर आठी उमटते. सूत्रे पाठ होतात, गुणही मिळतात; परंतु त्या सूत्रांचा आपल्या देवघराशी, स्वयंपाकघराशी वा दिवाणखान्यातील तबल्याशी काही संबंध आहे, हे क्वचितच मनावर ठसते. ज्या बंगळूर नगरीत आपण आपले बिऱ्हाड थाटले, त्याच नगरीत एक थोर शास्त्रज्ञ सदतीस वर्षे राहिला. त्याने जन्मभर अगदी साध्या, लहान मुलाला पडावेत अशा प्रश्नांचा पाठपुरावा केला. तोही आपल्यासारखाच येथे बाहेरून आलेला होता. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याचे नाव.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत आणि घरी व्हायोलिन वाजवीत. नाद आणि गणित यांची सोबत मुलाला अशी बालपणीच लाभली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते १९०४ साली पहिल्या क्रमांकाने बी. ए. झाले आणि विद्यार्थिदशेतच, १९०६ साली, त्यांचा पहिला निबंध विलायतेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी विज्ञानावर पोट भरणे कठीण. म्हणून १९०७ साली त्यांनी सरकारच्या अर्थखात्यात नोकरी पत्करली व लोकसुंदरी यांच्याशी विवाह करून कलकत्त्यास संसार मांडला.

दिवसा हिशेबाच्या वह्या आणि सकाळ-संध्याकाळ डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेतील प्रयोगशाळा, असा दहा वर्षांचा क्रम चालला. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे बदली झाली, तेव्हाही प्रयोग थांबले नाहीत. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने पालित अध्यासनावर बोलाविले. वेतन बरेच कमी होते. तरीही रामन यांनी सुरक्षित, मानाची सरकारी नोकरी सोडली. पोराबाळांच्या भवितव्याच्या काळजीने आपण मुलांना ‘खात्रीच्या’ वाटेवर ढकलतो, तेव्हा हा प्रसंग अवश्य आठवावा.

त्यांचे आरंभीचे पुष्कळ काम नादाविषयी आहे. हलगीवर थाप पडली की नुसता दणका उठतो, तबल्यावर मात्र स्वर उमटतो, असे का? ताणलेली तार कंप पावते, तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात व ते कानाला एकजीव वाटतात. साध्या चामड्याचे उपस्वर असे पूर्ण पटीत नसतात, म्हणून गोंगाट होतो. आपल्या कारागिरांनी मध्यभागी शाई चढवून चामडे तेथे जड केले; त्यामुळे उपस्वर पटीत बसले. पाच स्वरांपर्यंत ही पट जुळते, हे रामन यांनी प्रयोगाने दाखविले. ज्ञान वाजविणाऱ्याच्या बोटांत व घडविणाऱ्याच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या होतेच. त्याचे कारण रामन यांनी सांगितले.

विजापूरच्या गोलघुमटाचाही त्यांनी अभ्यास केला. सोलापूरहून गाडीने बंगळूरला येताना हा घुमट वाटेवरच लागतो. त्याच्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबूज पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते. परातीच्या काठालगत जोराने सोडलेली गोटी काठ धरूनच फिरते. तसाच ध्वनी वर्तुळाकार भिंतीला बिलगून पुढे सरकतो, मध्यभागी विखरून क्षीण होत नाही.

१९२१ साली ते विलायतेहून बोटीने परतत होते. भूमध्यसमुद्राची गर्द निळाई पाहून त्यांच्या मनात प्रश्न आला. ती आकाशाचे केवळ प्रतिबिंब आहे, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी जवळच्या लहानशा लोलकातून पाहून परावर्तित प्रकाश बाजूला सारला; निळाई मावळली नाही, उलट अधिकच खुलली. बोट मुंबई बंदरात पोहोचताच, २६ सप्टेंबर रोजी, त्यांनी आपले टिपण ‘नेचर’ नियतकालिकासाठी लिहून रवाना केले. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा त्याचा गाभा होता. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते व त्या निळाईत याचा मोठा वाटा असतो, हेही आज आपण जाणतो. विखुरण्याचा खेळ मात्र घरीही पाहता येतो. अंधाऱ्या खोलीत पेलाभर पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकून विजेरीचा झोत सोडावा. बाजूने पाणी निळसर दिसते आणि समोरून पाहिल्यास झोत तांबूस. निळा प्रकाश अधिक विखुरतो, तांबडा सरळ निघून जातो. दिवसाचे आकाश निळे व मावळता सूर्य तांबडा, याचे कारणही हेच.

याच ध्यासातून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ हाती आला. के. एस. कृष्णन हे त्यांचे सहकारी होते. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर आदळला की आपला थोडा वेग तिला देऊन स्वतः मंदावतो. रेणूवर आदळलेल्या प्रकाशाचा अगदी अल्प अंश तसाच आपली थोडी ऊर्जा रेणूला देऊन बाहेर पडतो आणि त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. प्रत्येक पदार्थाची ही सरक निराळी. म्हणून ती त्याची ओळखखूण ठरते. आज औषधे व रत्ने पारखताना हीच खूण उपयोगी पडते. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ साली टाटांच्या प्रेरणेने उभारलेल्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. थोरांचे दोष झाकून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही. त्याच वर्षी मुंबईच्या पदवीधर कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी, येथे संशोधनासाठी आल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या जाचक अटींवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांनी मत बदलले व अन्य मुलींनाही दार उघडले. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या केंब्रिजच्या डॉक्टरेटधारक झाल्या. पुरावा समोर येताच आपले मत मागे घेणे हीच खरी वैज्ञानिक वृत्ती. ती रामन यांना एका मराठी मुलीच्या चिकाटीने आचरणात आणावयास लावली.

संस्थेतील मतभेदांमुळे १९३७ साली त्यांनी संचालकपद सोडले, परंतु प्राध्यापक म्हणून ते तेथेच राहिले. १९४८ साली निवृत्त होताच देणग्या मिळवून त्यांनी मेखरी सर्कलजवळ आपली स्वतंत्र संशोधनसंस्था उभारली. १९५४ साली भारतरत्न मिळाल्यावरही ते फुलांचे रंग, रत्नांची झळाळी आणि दृष्टीचे कार्य यांत रमलेले असत. दर २ ऑक्टोबरला ते तेथे गांधी स्मृती व्याख्यान देत. १९७० चे त्यांचे शेवटचे व्याख्यान कान व श्रवण यांविषयी होते. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ते निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या बागेतच अंत्यसंस्कार झाले. स्मारक म्हणून तेथे एक वृक्ष आहे.

आपल्या घरातील मूल उद्या आकाशाकडे बोट दाखवून काही विचारील. उत्तर आपल्याला ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि पेला, दूध व विजेरी घेऊन त्याच्याबरोबर बसावे. ती उत्तरे आपल्या मराठीतही उत्तम देता येतात.