रुझवेल्ट यांचे बिनउंबरठ्याचे घर

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डिलानो रुझवेल्ट यांच्या दिमतीला ‘पोटोमॅक’ नावाची सरकारी नौका होती. तिच्या दोन धुराड्यांपैकी एकातून कधीच धूर निघत नसे. ते आतून पोकळ होते आणि त्यात दोर ओढून चालवायची लिफ्ट बसविलेली होती. तीत बसून राष्ट्राध्यक्ष एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला मात्र ते धुराडेच वाटे. सोय करायची, पण ती दिसू द्यायची नाही, हा रुझवेल्ट यांचा जवळजवळ चोवीस वर्षांचा रिवाज होता.

३० जानेवारी १८८२ रोजी हडसन नदीकाठच्या हाइड पार्क येथे एका सधन घराण्यात त्यांचा जन्म झाला. नौदल खात्याचे सहायक मंत्री म्हणून त्यांनी काम केले आणि १९२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून ते हरले. ऑगस्ट १९२१ मध्ये कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर सुटीला गेले असता एका संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली आणि थोड्याच दिवसांत कमरेखालचे अंग लुळे पडले. त्या वेळी ते ३९ वर्षांचे होते. डॉक्टरांनी पोलिओचे निदान केले. (तो पोलिओ नसून गियाँ-बारे हा आजार असावा, असे मत काही संशोधकांनी २००३ मध्ये मांडले.)

हाइड पार्कचे वडिलोपार्जित घर प्रशस्त होते, पण जिन्यांचे होते. त्यात ट्रंका वर-खाली नेण्याची एक अरुंद लिफ्ट होती. रुझवेल्ट तीत बसू लागले आणि स्वतःच्या हातांनी दोर ओढून वर जाऊ लागले. ती विजेवर चालविण्यास त्यांनी नकार दिला. आगीची त्यांना विलक्षण धास्ती होती. आग लागून वीज गेली, तर आपण मध्येच अडकून पडू, हा त्यामागचा हिशेब होता. तत्कालीन चाकांच्या खुर्च्या अवजड, रुग्णालयी थाटाच्या होत्या. त्या ना लिफ्टमध्ये मावत, ना दारातून सहज जात. तेव्हा बिनहातांच्या साध्या लाकडी खुर्चीला चाके लावून त्यांनी आपली खुर्ची करवून घेतली. ती घरातल्या चार खुर्च्यांसारखी दिसे, हाही तिचा एक गुण होताच.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते प्रथम जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. तेथील झऱ्यांचे पाणी बारमाही सुमारे ३१ अंश सेल्सियस असते. त्या पाण्यात पाय हलल्यासारखे त्यांना वाटले. पाय बरे झाले नाहीत. पण १९२६ मध्ये सुमारे दोन लाख डॉलर, म्हणजे आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा घालून, त्यांनी ते मोडकळीला आलेले विश्रामस्थान विकत घेतले आणि पुढच्या वर्षी तेथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था स्थापन केली. नव्या इमारतींत सपाट अंगणे, पायऱ्यांऐवजी उतार आणि रुंद दारे आली. शहरातल्या घरात ज्यांना खोलीबाहेर पडणेही अवघड होते, ती माणसे येथे जेवायला, पोहायला, पत्ते खेळायला स्वतःहून जाऊ लागली. रुझवेल्ट यांचे स्वतःचे तेथील सहा खोल्यांचे घर १९३२ मध्ये बांधून झाले. त्या परिसरात ते हातांनी चालविता येईल अशी फोर्ड मोटार पिटाळीत.

या संस्थेची दारे रुंद होती, तरी सर्वांसाठी नव्हती. कृष्णवर्णीय रुग्णांना तेथे उपचार मिळत नसत. त्यांच्यासाठी टस्कीगी येथे वेगळे केंद्र उघडले ते १९४१ मध्ये, रुझवेल्ट यांच्याच पोलिओ प्रतिष्ठानच्या पैशातून. पायऱ्या काढल्या, पण वर्णाची भिंत त्यांनी हलवली नाही, हे नोंदविणे भाग आहे.

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी निवडून आले आणि मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. व्हाइट हाउसमध्ये उतार बसविण्यात आले. जनतेच्या वर्गणीतून तेथे पोहण्याचा तलाव बांधला गेला. १९७० मध्ये तो झाकून त्यावर पत्रकारांचा कक्ष उभारण्यात आला. राष्ट्राध्यक्ष जेथे जेथे जात, तेथे गुप्तहेर सेवेची माणसे आधी पोहोचून लाकडी उतार टाकीत आणि कार्यक्रम संपताच ते काढून नेत. सभेत ते पोलादी कॅलिपर चढवून, एका हाताने मुलाचा किंवा सहायकाचा दंड घट्ट धरून आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन व्यासपीठापर्यंत जात. ते चालणे नव्हते. कमरेच्या झोक्याने पाय पुढे टाकणे होते. २७ जून १९३६ रोजी फिलाडेल्फियात भर गर्दीत कॅलिपरची खीळ सुटली आणि ते कोसळले. भाषणाचे कागद विखुरले. त्यांना उचलून, कपडे झटकून उभे करण्यात आले आणि काही मिनिटांत त्यांनी भाषण सुरू केले. मैदानातील बहुसंख्यांना काही कळलेही नाही. चाकांच्या खुर्चीतील त्यांची छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. छायाचित्रकारांना अडविण्याचे कामही गुप्तहेर सेवाच करी.

या झाकपाकीची किंमत इतर अपंगांना मोजावी लागली. १९३५ मध्ये रुझवेल्ट सरकारने बेकारांसाठी मोठी रोजगार योजना आणली. पण न्यूयॉर्कमध्ये अपंग अर्जदारांना नोकरीस अयोग्य ठरवून वगळण्यात येऊ लागले. त्या वर्षीच्या मे महिन्यात काही तरुण अपंगांनी तेथील मदत कार्यालयात ठिय्या दिला. तो नऊ दिवस चालला. त्यांतल्या अनेकांना पोलिओच झालेला होता, आणि त्यांना कामास नालायक ठरविणाऱ्या सरकारचा प्रमुखही त्याच रोगाने अधू झालेला होता. पुढे वॉशिंग्टनपर्यंत धडक मारल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना कामे मिळाली.

जेथे काही झाकायचे कारण नव्हते, तेथे रुझवेल्ट यांनी काय बांधले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. १९३८-३९ मध्ये हाइड पार्कजवळच्या टेकडीवर त्यांनी ‘टॉप कॉटेज’ नावाचे घर बांधले. आराखडा स्वतः काढला; हेन्री टूम्ब्स या वास्तुविशारदाने त्यास तांत्रिक रूप दिले. तळमजल्यावर कोठेही पायरी नाही आणि दारांना उंबरठा नाही. खुर्चीत बसूनही बाहेरचे दिसावे म्हणून खिडक्या खाली घेतलेल्या. ओसरीवरून मातीचा एक मंद उतार थेट झाडांत जाई. अपंग व्यक्तीने स्वतःसाठी आखलेल्या अमेरिकेतील पहिल्या काही घरांत त्याची गणना होते. जून १९३९ मध्ये इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांना याच ओसरीवर हॉट डॉग खाऊ घातले गेले. त्या मेजवानीची चर्चा उंबरठ्यांहून कितीतरी अधिक झाली. चाकांच्या खुर्चीतील त्यांचे सर्वपरिचित छायाचित्रही १९४१ मध्ये येथेच, एका आप्त स्त्रीने काढलेले आहे.

१ मार्च १९४५ रोजी याल्टा परिषदेहून परतल्यावर त्यांनी अमेरिकी संसदेपुढे बसून भाषण केले, आणि पायांवर सुमारे दहा पौंड पोलाद वागवावे लागते म्हणून बसून बोलतो, असे सांगून क्षमा मागितली. इतक्या उघडपणे ते पूर्वी क्वचितच बोलले होते. १२ एप्रिल रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यासाठी टाकलेले उतार त्यांच्याबरोबरच गेले. सरकारी इमारती अपंगांना वापरता याव्यात, असा कायदा अमेरिकेत १९६८ मध्ये झाला आणि खासगी दुकाने, उपाहारगृहे यांच्यावर तशी सक्ती यायला १९९० उजाडले. २ मे १९९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये रुझवेल्ट यांचे भव्य स्मारक खुले झाले. तेथील मुख्य पुतळ्यात लांब झग्याने खुर्ची जवळजवळ झाकलेली होती आणि ब्रेलचे ठिपके बोटांनी वाचता येणार नाहीत इतके मोठे होते. अपंगांच्या संघटनांनी निदर्शने केली आणि सोळा लाख डॉलरहून अधिक निधी उभा केला. १० जानेवारी २००१ रोजी स्मारकाच्या प्रवेशापाशी दुसरा पुतळा बसविण्यात आला. त्यात रुझवेल्ट आपल्या बिनहातांच्या, चाके लावलेल्या खुर्चीत बसलेले आहेत आणि पुतळा जमिनीलगत असल्याने चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यालाही तो हाताने चाचपता येतो.